त्रेसष्ट स्पर्श

वाडीतल्या शाळेत, सातवी ‘ब’च्या
एका बाकावर चार जण आणि मध्ये एक टॅबलेट,
पाठीवर विद्यापीठाचा शिक्का.
अर्जात मी चार मागितले होते.
मंजूर झाला एक, म्हणून विषयाचं नाव ठरलं
‘सामायिक पडद्यावरील सहअध्ययन’.

काम असं : आजव्याच्या तलावातून
पाणी शहरापर्यंत आणायचं,
बोटाने नळ जोडत, एकही पंप न लावता.
आधी आपला रंग दाबायचा, मगच नळ हलवायचा.
नळ चढाला लागला की पाणी अडतं,
टॅबलेट ‘टुंग’ करतो.

रात्री दांडिया बाजारातल्या घरी
कानाला हेडफोन लावून मी उतरवून घेते :
फेनिल – अरे एम नहीं, आम कर.
तस्नीम – तू हाथ हटा पहले.
भार्गव – मॅडमनी सांगितलंय ना, आळीपाळीनं.
पंखा.
फाटकाबाहेर सेव-उसळवाल्याची पळी, पातेल्याच्या काठावर.
जिज्ञा – अस्पष्ट.

तीन भाषा मला येतात.
ती चौथीत पुटपुटते, छोटाउदेपूरकडच्या.
तिथे पोचलं की माझी बोटं तोच एक शब्द टाइप करतात,
पाच वेळा, अस्पष्ट, अस्पष्ट,
जणू दोष तिच्या आवाजाचा.

यंत्राची नोंद मात्र स्वच्छ :
फेनिल एक्केचाळीस, तस्नीम सतरा,
भार्गव नऊ, जिज्ञा शून्य.
सर म्हणाले, ती ओळ गाळा, सरासरी बिघडते.

गाळणारच होते.
वेळा जुळवताना दिसलं,
दर ‘अस्पष्ट’नंतर सहा-सात सेकंदांनी
फेनिलचं बोट वाट बदलतं
आणि पाणी पुढे सरकतं.
तो तिच्याकडे बघतही नाही.
त्याला वाटतं, त्यालाच सुचलं.

दिवाळीनंतर उरलेले तीन आले.
प्रत्येकाला आपापला. चार माना खाली,
चार कोपर बाहेर, मध्ये दप्तरांच्या भिंती.
रेकॉर्डिंगमध्ये आता फक्त पंखा
आणि चार वेगवेगळ्या ठिकाणी ‘टुंग’.
आलेख इतका देखणा
की सरांनी तो परिषदेच्या पोस्टरसाठी मागून घेतला.
पाणी कुणाचंच शहरात पोचलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जिज्ञाने
आपल्या टॅबलेटच्या एका बाजूखाली
दोन वह्या आणि कंपासपेटी सरकवली,
बाटलीचं झाकण भरलं
आणि काचेवर, वरच्या काठाला, ओतलं.
फेनिल वाकला. तस्नीमने दप्तर खाली टाकलं.
भार्गव ओरडला, मॅडम!
मी धावले ओढणी घेऊन,
अठरा हजारांचा टॅबलेट, सहीनिशी घेतलेला.
व्हिडिओत त्या जागी माझा हात दिसतो,
पाण्याच्या आड येणारा.
त्याआधी थेंब उतरत होते, वळसा घेत,
आणि चौघं एकाच वेळी बोलत होती,
कोण कुठल्या भाषेत, कळत नाही.

रात्री नोंद उघडली :
जिज्ञा, त्रेसष्ट स्पर्श.
काचेला थेंब आणि बोट यांतला फरक कळला नव्हता.
सर खूश झाले. सहभाग वाढला म्हणाले,
पहा, प्रत्येकाला साधन दिलं की कसं होतं.
मी काय सांगणार होते? पाणी होतं ते, सर.
एवढं वाक्य तीनदा लिहून खोडलं.
रकान्यात त्रेसष्ट तसंच आहे.
समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह.

शुक्रवारी हेडफोन घेऊन गेले.
तिला म्हटलं, ऐक, हे तू बोललीस,
मला कळलं नाही, सांगशील?
तिने ऐकलं. पुन्हा ऐकलं. ओठ हलले.
मग हेडफोन काढून
माझ्या हातात द्यायचे ते
फेनिलच्या कानांवर बसवले,
आणि तो ऐकत असताना
बोटाने बाकावर उताराची रेघ काढत राहिली.
तो हसला, आणि ती हसली.
मला कुणीच काही सांगितलं नाही.

मी वेळ लिहून घेतली :
अकरा वाजून सतरा मिनिटं.